संथ व्यायामाची कसोटी : ताइ ची, छी कुंग आणि बंगळूरचे योगप्रयोग

व्यायाम हा शब्द उच्चारला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम तालीम उभी राहते. लाल मातीचा हौदा, जोर आणि बैठका, मल्लखांब आणि घामाने निथळणारे अंग, हेच व्यायामाचे आपल्या ओळखीचे रूप होय. घाम जितका अधिक तितका व्यायाम खरा, अशी आपली एक जुनी समजूत आहे. परंतु व्यायामाचा दुसराही एक प्रकार आशिया खंडात शतकानुशतके चालत आलेला आहे. त्यात घाम फारसा येत नाही, धाप लागत नाही, उपकरण लागत नाही आणि प्रतिस्पर्धीही लागत नाही. हालचाल संथ असते, श्वास सावकाश असतो आणि लक्ष त्या दोहोंवर असते. चीनमधील ताइ ची व छी कुंग आणि आपल्याकडील आसने व प्राणायाम हे या दुसऱ्या वर्गात मोडतात.

अशा संथ व्यायामाने आरोग्य लाभते असे म्हणणारे लोक पुष्कळ आहेत. प्रश्न असा की, ते लाभते कोणाला, किती, आणि ते आपल्याला कळले कसे? हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. दम्याचा रुग्ण प्राणायाम शिकतो तेव्हा हातातले औषध ठेवावे की सोडावे, हे त्याला ठरवावे लागते. सत्तरी ओलांडलेली स्त्री एकदा न्हाणीघरात घसरून पडली की पुढे घराबाहेर पाऊल टाकायलाही कचरते. या दोघांना द्यावयाचे उत्तर श्रद्धेवर सोडून भागणार नाही, त्यासाठी कसोटी हवी. ती कसोटी उभी करण्याच्या कामी बंगळूर शहराचा वाटा मोठा आहे. त्याचा परिचय करून देणे हा या लेखाचा मुख्य हेतू आहे. मात्र तेथे जाण्यापूर्वी चीनमधील व्यायामांची ओळख करून घेणे सोयीचे होईल.

दोन नावे, दोन अर्थ

ताइ ची आणि छी कुंग या नावांतील ‘ची’ आणि ‘छी’ हे एकच शब्द असावेत असे ऐकणाऱ्याला वाटते. पण चिनी भाषेत ते निरनिराळे आहेत. ताइ ची या व्यायामाचे पूर्ण नाव ताइ ची छुआन. ‘ताइ ची’ म्हणजे परमसीमा अथवा आदितत्त्व. चिनी तत्त्वज्ञानात प्रकाश आणि छाया, कठीण आणि मृदू अशा द्वंद्वांच्या मुळाशी असलेल्या एकत्वाला हे नाव दिलेले आहे. ‘छुआन’ म्हणजे मूठ. अर्थात ही मुळात मुष्टियुद्धाची, म्हणजे लढण्याची विद्या होय. छी कुंगमधील ‘छी’ या शब्दाचा अर्थ श्वास, वायू, बाष्प असा आहे. आपल्याकडील ‘प्राण’ या शब्दाशी तो पुष्कळसा जुळतो. ‘कुंग’ म्हणजे परिश्रमाने मिळविलेले कौशल्य. इंग्रजी वळणाने हा शब्द आपल्याकडे चिगाँग असाही लिहिला जातो.

या व्यायामांची परंपरा जुनी आहे. चीनच्या हूनान प्रांतात छांगशा शहरानजीक मावांगत्वी येथे एका प्राचीन थडग्यात १९७३ साली एक रेशमी वस्त्र सापडले. ते थडगे इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद केलेले होते. त्या वस्त्रावर व्यायाम करणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या ४४ आकृती रंगविलेल्या आहेत. कोणी वाकलेले, कोणी हात उभारलेले, कोणी पक्ष्याप्रमाणे बाहू पसरलेले असे ते दिसतात. पुढे ह्वा थ्वो या सुप्रसिद्ध वैद्याच्या नावाशी वाघ, हरीण, अस्वल, माकड आणि पक्षी या पाच प्राण्यांच्या हालचालींवर बेतलेला व्यायाम जोडला गेला. मयूरासन, भुजंगासन, मकरासन ही नावे परिचित असलेल्या आपल्या वाचकांना त्यात नवल वाटणार नाही.

ताइ चीचा ज्ञात इतिहास मात्र अलीकडचा आहे. सतराव्या शतकात हनान प्रांतातील छन कुटुंबाच्या गावी तिचा उगम झाला, असे मानले जाते. एकोणिसाव्या शतकात यांग लूछान या गृहस्थाने ती तेथे शिकून पेकिंगला नेली आणि त्याचा नातू यांग छंगफू (१८८३-१९३६) याने तिला आज परिचित असलेले मोठ्या, सलग व संथ हालचालींचे रूप दिले. हाणामारीची विद्या अशा रीतीने म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही झेपेल असा व्यायाम बनली.

घराण्यातून वर्गात

जुन्या पद्धतीत ही विद्या शिष्य गुरूच्या घरी राहून वर्षानुवर्षे शिके. शंभराहून अधिक हालचालींची मालिका पाठ करण्यातच बराच काळ जाई. हजारो लोकांना शिकवायचे तर ही पद्धत पुरी पडणारी नव्हती. म्हणून चीनच्या क्रीडा-आयोगाने १९५६ साली यांग घराण्याच्या पद्धतीवरून २४ हालचालींची एक सुटसुटीत मालिका तयार करविली. ती पाच-सहा मिनिटांत पूर्ण होते. जगभर शिकविली जाणारी ताइ ची पुष्कळ अंशी हीच आहे.

छी कुंगचेही तसेच घडले. ल्यू क्वेचन हा एक तरुण कार्यकर्ता पोटाच्या व्रणाने जर्जर झाला होता. गावी जाऊन त्याने एका नातलगाकडून श्वसनाची जुनी साधना शिकली आणि तो बरा झाला. पुढे १९५०च्या दशकात त्याच्या नेतृत्वाखाली प्रथम थांगशान आणि नंतर पेइताइहे या समुद्रकाठच्या गावी छी कुंगची आरोग्यधामे निघाली. १९५७ साली त्याने या उपचारावर पुस्तकही लिहिले. अनेक निरनिराळ्या साधनांना मिळून ‘छी कुंग’ हे एकच नाव रूढ झाले ते याच काळात. सांस्कृतिक क्रांतीच्या वावटळीत ही आरोग्यधामे बंद पडली. १९८०च्या सुमारास छी कुंगची पुन्हा लाट आली. पण त्या लाटेबरोबर दुरून हात हलवून रोग बरे करण्याचे दावेही आले. अखेर चीनच्या क्रीडा-प्रशासनाने २००३ साली चार व्यायाममालिका निश्चित करून छी कुंगला पुन्हा शरीराच्या व्यायामाच्या चौकटीत बसविले. ‘रेशमी वस्त्राचे आठ तुकडे’ अशा काव्यमय नावाची आठ हालचालींची प्रसिद्ध मालिका त्यांपैकीच एक होय.

आपल्याकडे हे काम त्याआधीच सुरू झाले होते आणि त्याचा आरंभ महाराष्ट्रात झाला. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद (१८८३-१९६६), हे बडोद्याच्या माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले व्यायामपटू. योग ते नर्मदातीरीच्या परमहंस माधवदासांकडे शिकले. त्यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले. उड्डियान आणि नौली या क्रिया करताना शरीरात काय घडते हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक यांच्या साहाय्याने पाहिले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो असे त्यांना आढळले आणि या निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूचे नाव दिले. गुरूवर श्रद्धा असलेल्या शिष्याने गुरूच्या विद्येला मोजपट्टी लावावी, ही गोष्ट त्या काळी नवी होती.

मोजपट्टी लावली की काही समजुती टिकतात, काही गळून पडतात. हृदय बंद पाडण्याचा दावा करणाऱ्या काही योग्यांची परीक्षा वेंगर व बागची या अमेरिकेतून आलेल्या संशोधकांनी आणि दिल्लीच्या डॉ. आनंद यांनी केली. तिचा वृत्तान्त १९६१ साली प्रसिद्ध झाला. योगी श्वास रोखून छाती व पोट आवळीत, तेव्हा मनगटाची नाडी आणि हृदयाचे ठोके ऐकू येईनासे होत. परंतु विद्युत्-आलेखावर हृदयाचे स्पंदन चालूच असल्याचे दिसे. दावा टिकला नाही; मात्र श्वास आणि स्नायू यांच्या योगे रक्ताभिसरणावर किती प्रभाव पाडता येतो, हे कळून आले.

बंगळूरचा प्रयोग

येथवर झालेले प्रयोग निष्णात योग्यांवर झालेले होते. सामान्य रुग्णाला योग शिकविला तर त्याचा रोग कमी होतो काय, हा प्रश्न त्याहून निराळा आणि अवघड आहे. दम्याचेच उदाहरण घ्या. दमा काही महिने जोर करतो, काही महिने आपोआप ओसरतो. जोर असतानाच रुग्ण उपचाराकडे वळतो; नंतर तो ओसरला म्हणजे त्याचे श्रेय उपचाराला जाते. म्हणून ‘अमक्याला गुण आला’ हे वाक्य कितीही प्रामाणिकपणे उच्चारलेले असले, तरी तेवढ्याने काही सिद्ध होत नाही. गुण आलेल्या रुग्णांशेजारी, उपचार न घेतलेले तसेच रुग्ण ठेवून दोहोंची गणती करावी लागते.

बंगळूरच्या विवेकानंद केंद्राच्या योगोपचार केंद्रातील डॉ. आर. नागरत्ना आणि डॉ. एच. आर. नागेंद्र यांनी हेच केले. नागरत्ना या वैद्यकातील तज्ज्ञ, तर नागेंद्र हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत यंत्र-अभियांत्रिकीत संशोधन केलेले. त्यांनी दम्याच्या ५३ रुग्णांना दोन आठवडे आसने, श्वसनाचे व्यायाम, प्राणायाम आणि ध्यान यांचा एक ठरीव क्रम शिकविला आणि तो रोज ६५ मिनिटे करण्यास सांगितले. त्यांच्या तुलनेसाठी वय, लिंग, दम्याचा प्रकार आणि तीव्रता यांत जुळणारे दुसरे ५३ रुग्ण निवडले. ते आपली नेहमीची औषधे घेत राहिले. आठवड्यातून येणारे दम्याचे झटके, लागणारी औषधे आणि जोराने श्वास सोडतानाचा हवेचा कमाल वेग या तीन गोष्टींची नोंद ठेवली गेली. तिन्ही बाबतींत योग करणाऱ्या गटाची सुधारणा अधिक होती. हा वृत्तान्त ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या प्रतिष्ठित साप्ताहिकात ऑक्टोबर १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला.

या प्रयोगाचे महत्त्व जाणताना त्याची मर्यादाही ध्यानी घ्यावयास हवी. औषधाची परीक्षा करताना खऱ्या गोळीसारखीच दिसणारी निर्गुण गोळी दुसऱ्या गटाला देता येते. कोणाला कोणती मिळाली हे रुग्णाला कळत नाही. योगाची निर्गुण गोळी कोठून आणावी? आपण योग करीत आहोत हे करणाऱ्याला कळतेच, आणि या जाणिवेनेही माणसाला बरे वाटते.

या अडचणीतून इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी १९९० साली मोठ्या युक्तीने वाट काढली. श्वास घेण्यास जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट सोडण्यास लागावा, असे प्राणायामाचे प्रमाण पाळावयास लावणारे एक लहान उपकरण त्यांनी सौम्य दमा असलेल्या १८ रुग्णांना वापरावयास दिले. तसेच दिसणारे, पण हे प्रमाण न पाळणारे दुसरे उपकरणही त्याच रुग्णांना निराळ्या काळात दिले. खऱ्या उपकरणाच्या काळात श्वासनलिका आकुंचित होण्यास हिस्टामीन या द्रव्याची मात्रा अधिक लागली. म्हणजेच नलिकांचा चिडखोरपणा कमी झाला. फुप्फुसांच्या क्षमतेत मात्र निःसंशय म्हणता येईल असा फरक आढळला नाही. पुढे २०१६ साली १५ प्रयोगांतील १,०४८ रुग्णांच्या माहितीचा एकत्र आढावा घेण्यात आला. योगाने दम्याची लक्षणे आणि रुग्णाचे दैनंदिन जीवन यांत थोडी सुधारणा होत असावी, फुप्फुसांच्या कार्याबद्दल मात्र खात्री देता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. लहानसा पण खरा लाभ, असे त्याचे सार काढता येईल. औषध सोडण्याची परवानगी मात्र त्यातून कोणालाही मिळत नाही.

व्यायामाहून अधिक काही?

यातून दुसरा प्रश्न उभा राहतो. जो लाभ होतो तो योगाचा, की केवळ अंग हलविण्याचा? याचे उत्तर काढण्यासाठी तुलनेच्या गटाला नुसते बसवून न ठेवता साधा व्यायाम द्यावा लागतो. १९८६ साली बंगळुरात स्थापन झालेल्या आणि शहराबाहेर जिगणीनजीक आश्रम असलेल्या विवेकानंद योग अनुसंधान संस्थेत जुनाट कंबरदुखीच्या ८० रुग्णांवर असा एक प्रयोग झाला. त्याचा वृत्तान्त २००८ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही गट सात दिवस एकाच ठिकाणी राहिले. एका गटाला योग शिकविला, दुसऱ्याला शारीरिक व्यायाम. योगगटाचा कण्याचा लवचिकपणा अधिक वाढला आणि कंबरदुखीने येणारी असमर्थता अधिक कमी झाली. अर्थात सात दिवसांचा हा लाभ वर्षभर टिकतो काय, हे अशा प्रयोगातून कळणारे नव्हे.

त्याच शहरातील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने याहून कठीण क्षेत्र निवडले. छिन्नमनस्कता या गंभीर मनोविकाराच्या ६१ रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दैवयोगाने दोन गटांत वाटून, एकाला योग आणि दुसऱ्याला शारीरिक व्यायाम असा चार महिन्यांचा क्रम देण्यात आला. दोन्ही गटांची औषधे पूर्ववत् चालू होती. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या वृत्तान्ताप्रमाणे योगगटाची लक्षणे अधिक कमी झाली आणि त्यांचे सामाजिक वर्तनही अधिक सुधारले. परंतु चार महिन्यांअखेर परीक्षेस उपलब्ध राहिले होते केवळ ४१ जण. गळालेल्या २० जणांचे काय झाले, हा प्रश्न सुजाण वाचकाने विचारलाच पाहिजे. आणि हा आकडा न लपविता छापणाऱ्या संशोधकांचे श्रेयही मानले पाहिजे. ‘औषधाला जोड’ हे शब्द या सर्व संशोधनाचे मर्म सांगतात. जोड म्हणजे बदली नव्हे.

पडण्याची भीती

ताइ चीची सर्वांत भक्कम परीक्षा झाली ती एका वेगळ्याच प्रश्नावर. तो प्रश्न म्हणजे वृद्धांचे पडणे. उतारवयात हाडे ठिसूळ झालेली असतात. एका पडण्याने खुब्याचे हाड मोडते आणि हिंडतेफिरते माणूस अंथरुणाला खिळते.

माणूस उभा राहतो तो तीन साक्षीदारांच्या बळावर. डोळे त्याला क्षितिज दाखवितात. कानाच्या अंतर्भागातील इंद्रिय डोके कोणीकडे कलले हे सांगते. आणि तळपाय, स्नायू व सांधे यांतील संवेदना भार कोठे पडला हे कळवितात. वयोमानाने तिघांचीही साक्ष मंदावते. त्यात मांड्यांचे बळ घटते आणि तोल गेल्यावर सावरण्यास उशीर होतो. ताइ चीची हालचाल नेमकी येथे उपयोगी पडते. तिच्यात गुडघे किंचित वाकवून शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर अगदी हळूहळू नेतात. भार असलेल्या पायाला ‘भरलेला’ आणि नसलेल्याला ‘रिता’ म्हणतात. पाय पुरता रिता झाल्याखेरीज उचलावयाचा नाही आणि टेकल्यावर खात्री झाल्याखेरीज भरावयाचा नाही, असा नियम आहे. चालताना जे क्षणार्धात आणि नकळत घडते, ते येथे संथपणे आणि जाणीवपूर्वक घडते.

अमेरिकेतील अटलांटा शहरी एमरी विद्यापीठाच्या संशोधकांनी सत्तर वर्षांवरील २०० व्यक्तींचे तीन गट पाडले. एकाला १५ आठवडे दहा हालचालींची ताइ ची शिकविली. दुसऱ्याला संगणकाला जोडलेल्या हलत्या फळीवर तोल सांभाळण्याचा सराव दिला. तिसऱ्याशी केवळ आरोग्यविषयक चर्चा केली. १९९६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला की, ताइ चीच्या गटात वारंवार पडण्याचा धोका ४७.५ टक्क्यांनी कमी झाला. फळीवर सराव केलेले लोक फळीवर अधिक स्थिर उभे राहू लागले होते, पण त्यांच्या पडण्यात तसा फरक पडला नाही. उलट ताइ ची शिकलेल्यांची फळीवरील डोलणी फारशी कमी झाली नव्हती. कमी झाली होती ती पडण्याची भीती. स्थिर उभे राहणे आणि न पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या प्रयोगातून स्पष्ट झाले. बोरूप्रमाणे झुकून पुन्हा सरळ होणे, यातच सावरण्याचे कौशल्य आहे.

पुढे ऑरेगन राज्यात ६७० वृद्धांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, आठवड्यातून दोनदा एक तास याप्रमाणे २४ आठवडे ताइ ची करणारे लोक नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ५८ टक्के आणि संमिश्र व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ३१ टक्के कमी वेळा पडले. कंपवाताच्या १९५ रुग्णांवरील २०१२ सालच्या प्रयोगातही ताइ चीने तोल अधिक सुधारला; मात्र पडण्याच्या बाबतीत वजने घेऊन केलेल्या व्यायामापेक्षा ती सरस ठरली नाही. सर्व देशांतील प्रयोग एकत्र पाहिल्यास लाभाचा आकडा बराच उतरतो. २०१९ सालच्या एका मोठ्या आढाव्याने ताइ चीमुळे पडण्याचे प्रमाण सुमारे १९ टक्क्यांनी घटत असावे असा अंदाज केला आहे. पहिला प्रयोग चमकदार आणि पुढचे अधिक बेताचे, हा विज्ञानाचा नित्याचा अनुभव आहे.

‘छी’ आहे तरी काय?

शिक्षक सांगतात, छी पोटात उतरवा. ती हाताच्या बोटांपर्यंत वाहू द्या. शरीरशास्त्राला अशी वाहणारी वस्तू सापडलेली नाही. मग हे शब्द टाकून द्यावयाचे काय? मराठीत आपण ‘भीतीने पोटात गोळा आला’ असे म्हणतो. क्ष-किरणाच्या चित्रात तो गोळा शोधण्यास कोणी जात नाही. पण तो शब्द ऐकताच ऐकणाऱ्याला नेमकी संवेदना कळते. ‘छी पोटात उतरवा’ म्हटल्यावर शिकणाऱ्याची छाती सैल पडते, श्वासपटल खाली जाते, खांदे उतरतात आणि श्वास मंदावतो. श्वास घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना किंचित मंद होते. सावकाश, लांब उच्छ्वासाने हा मंदावण्याचा परिणाम वाढतो आणि शरीराला विश्रांतीकडे नेणाऱ्या मज्जातंतूंचे कार्य बळावते. शिकविण्याची भाषा आणि कारणे सांगण्याची भाषा या दोन निराळ्या भाषा आहेत. पहिली दुसरीच्या जागी वापरली, म्हणजे दुरून रोग बरा करण्याचे दावे जन्मास येतात.

शिकणाऱ्याने आणि शिकविणाऱ्याने

ही विद्या पुस्तकातील चित्रे पाहून पुरती येत नाही. आपला गुडघा पायाच्या अंगठ्याच्या रोखाने वाकला आहे की आत कलला आहे, हे स्वतःला दिसत नाही. ते दाखविण्यास शिक्षकाची नजर लागते. आरंभ थोड्या हालचालींनी करावा. अटलांटा येथे दहा आणि ऑरेगन येथे आठच हालचाली शिकविल्या होत्या, हे लक्षात ठेवावे. अटलांट्याचा क्रम पंधरा आठवड्यांचा आणि ऑरेगनचा चोवीस आठवड्यांचा होता. चार दिवसांत फळाची अपेक्षा करू नये. गुडघ्यात वेदना होईल इतके खाली बसू नये. रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी श्वास जोराने रोखू नये. काचबिंदू असणाऱ्यांनी शीर्षासनासारखी डोके खाली करण्याची आसने टाळावी. वैद्याने दिलेले औषध वैद्यालाच विचारून कमी करावे.

शिक्षकाची जबाबदारी याहून मोठी आहे. वर्गात येणाऱ्याचे वय आणि आजार त्याने प्रथम विचारून घ्यावेत. तोल नसलेल्याला भिंतीजवळ वा खुर्चीचा आधार देऊन उभे करावे. आणि आपल्याला जे ठाऊक आहे तेवढेच सांगावे. कर्करोग किंवा मधुमेह व्यायामानेच बरा होतो असे सांगणारा शिक्षक शिष्याच्या आयुष्याशी खेळतो. त्याची हालचाल कितीही डौलदार असली तरी तो चांगला शिक्षक नव्हे.

शाळेत करून पाहण्याजोगा प्रयोग

वरील संशोधनाची रीत विद्यार्थ्यांना स्वतः अजमावता येईल. सेकंदकाटा असलेले घड्याळ आणि एक वही एवढेच साहित्य पुरते. प्रत्येक विद्यार्थ्याने भिंतीजवळ, शेजारी एक सोबती ठेवून, एका पायावर किती सेकंद उभे राहता येते हे प्रथम डोळे उघडे ठेवून आणि मग मिटून मोजावे. डोळे मिटताच हा काळ किती घटतो हे पाहून तीन साक्षीदारांपैकी एकाचे महत्त्व ध्यानी येईल. नंतर चिठ्ठ्या टाकून वर्गाचे दोन गट करावेत. एका गटाने आठ आठवडे रोज पंधरा मिनिटे शिक्षकाच्या देखरेखीखाली संथ व्यायाम करावा; दुसऱ्याने तेवढाच वेळ चालावे. अखेरीस पुन्हा मोजावे, आणि मोजणाऱ्याला कोण कोणत्या गटातील हे सांगू नये. मध्येच सोडून गेलेल्यांची नावेही वहीत ठेवावीत. सरासरी काढल्यावर फरक दिसला तर तो लिहावा, न दिसला तर तेही तितक्याच प्रांजळपणे लिहावे.

ताइ ची असो, छी कुंग असो वा योग असो, या विद्या टिकल्या त्या शिकविणाऱ्यांच्या आणि शिकणाऱ्यांच्या चिकाटीमुळे. आता त्यांना वहीची आणि तराजूचीही जोड मिळाली आहे. दम्याच्या रुग्णाने औषध जवळ ठेवून प्राणायाम करावा आणि सत्तरीच्या स्त्रीने आधार धरून पहिले पाऊल हळूहळू भरावे, एवढे आज खात्रीने सांगता येते. पुष्कळ मोठ्या आश्वासनांपेक्षा हे थोडे आहे खरे. पण ते विसंबण्याजोगे आहे.